क्लबची पहिली घोडी
झेंडूचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. लग्नाच्या वरातींतून सोडवलेली एक म्हातारी घोडी आणि आमची वर्गणी, एवढ्यावर आम्ही नाशकात सगळ्यांसाठी रायडिंग क्लब सुरू केला. डीजे ऐकून ऐकून ती इतकी भेदरलेली, की मैदानात शिट्टीसुद्धा वाजवायची नाही असा आमचा नियम होता. क्लब वाढला, नवे अध्यक्ष आले आणि स्वतःच्या मुलाच्या वरातीला तिलाच झेंडूच्या माळा घालून घेऊन गेले. स्पीकरच्या भिंतीपुढे ती घामाने निथळत होती. मी लगाम धरून नवरदेवाला म्हणालो, "उतर खाली." अध्यक्ष हसले. "अहो, आपलीच तर घोडी आहे." नवरदेव उतरला नाही. आज क्लबच्या फाटकावर त्याच वरातीतला तिचा फोटो आहे, डोळे भीतीने विस्फारलेले. नवे पालक त्यासमोर थांबून म्हणतात, "किती छान सजलीय."