मशीन चालू ठेव

मालकानं कांड्यांची टोपली पायानं उलटवली आणि सगळ्या विणकरांसमोर मला एकेक कांडी वेचायला लावली. मी एवढंच विचारलं होतं, सुनंदाच्या डोळ्याला काय झालं?

‘कांडीवाली हायस. कांड्या भर. आमच्या घरात डोकावायचं न्हाय.’

सुनंदा त्याची बायको. वडगावच्या शाळेत आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. लग्न होऊन ती पॉवरलूमची मालकीण झाली. मी त्याच शेडमध्ये मशीनवर सुताच्या कांड्या भरू लागले. मी गुडघ्यांवर बसून वेचत होते तेव्हा ती शेडला लागून असलेल्या घराच्या दारातच होती. बघितलं आणि आत गेली. फार लागलं मला ते.

दुसऱ्या दिवशी तीच शेडमध्ये आली. दुपारी विणकर जेवायला घरी जायचे, माग बंद असायचे, मी एकटीच तिथं भाकरी खायचे. मालकही त्याच वेळी घरी यायचा.

‘जेवणाच्या वक्ताला तुझं मशीन चालू ठेव गं. गल्लीला ऐकू जातंय.’

ठेवलं. चार महिने. सूत न लावता, नुसत्या रिकाम्या कांड्या फिरवत. मैत्रिणीची अब्रू झाकतेय असं वाटायचं. त्याची मात्र भीड चेपली. मार वाढला. बाहेर हाच माणूस बायकांना ‘आक्का, आक्का’ करत फिरायचा. तरी मी मशीन चालूच ठेवलं. शेडमागची माझी खोलीही त्याचीच होती. काम गेलं असतं तर छप्परही गेलं असतं. भेकड होते मी.

मग एका दुपारी मशीनच्याही वर तिचा आवाज आला. मी बटण दाबलं. बंद.

आतलं सगळं गल्लीत गेलं. जेवून परतणारे विणकर जागीच थांबले. मालक बाहेर आला.

‘मशीन का बंद केलंस?’

‘ऐकू जावं म्हणून.’

‘खोली रिकामी कर. आजच.’

त्याच्यामागून सुनंदा म्हणाली, ‘तुला चालू ठेव म्हटलं होतं न्हवं?’ ओठ फुटला होता तिचा. राग माझ्यावर.

आता मी जवळच शहापुरात दुसऱ्याच्या कांड्या भरते. ती अजून तिथंच आहे. ‘येऊ नकोस’ म्हणून निरोप धाडते. मी रोज दुपारी तिच्या दारासमोर जाऊन त्याला दिसेल अशी उभी राहते, तो जेवून बाहेर पडेपर्यंत. माझ्या खोलीत तिला जागा आहे, हे सांगून झालंय. कधी निघायचं ते तीच ठरवील. पोलिसांत जबाब द्यायची वेळ आली तर मी देणार. आणि सुरुवात त्याच्यापासून नाही करणार. चार महिने मशीन मी चालवत होते, हे आधी लिहून घ्या म्हणणार.