मागच्या बिटाचं उरलंसुरलं

माझ्या आत्याची मुलगी माझ्याच वयाची. औशाकडचं तिचं घर भूकंपात पडलं, आत्या त्यातच गेली, आणि ती लातूरला आमच्याकडे राहायला आली. तिचे वडील त्याआधीच वारलेले. सगळ्यांना वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण महिना-दोन महिन्यांत माझ्या पोटात दुखायला लागलं. दुधावरची साय तिला, खिडकीजवळची जागा तिला. मी तोंड उघडलं की आई म्हणायची, "ऱ्हाऊ दे ग, तिला कोण हाय आता?" ज्या मुलीची आई गेली तिचा हेवा करणारीला कोण जवळ करणार? म्हणून मूग गिळून गप्प बसायचे आणि आतल्या आत जळायचे.

अकरावीला दोघी एकाच क्लासला. लातुरात तेव्हा क्लासचं पेव फुटलं होतं. मुरुडहून, थेट नायगावहून पोरं येऊन खोल्या करून राहायची. आमच्या क्लासात दर परीक्षेनंतर मार्कांप्रमाणे बाकं बदलायची. सर हातात घड्याळ धरून रांगांमधून फिरत: "येग वाढवा, येग! डोकं मागनं वापरा." वेगात मला कुणी हरवत नसे. पहिलं बाक बहुतेक वेळा माझंच असायचं, आणि मी ते घरी येऊन सांगायचे तेव्हा आई माझ्या खांद्यावरून मागे, आतेबहिणीच्या चेहऱ्याकडे बघत असायची. मला आयुष्यात एवढंच हवं होतं, की आईने एकदा तरी आधी माझ्याकडे बघावं.

पुढे नांदेडला इलेक्ट्रॉनिक्सच्या एम.ई.लाही दोघी एकत्र. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसं तिथल्या सरांनी दोघींना एकच विषय दिला. म्हणाले, "ज्याचं डिझाइन चांगलं, तेच चिप बनवायला पाठवू. विभागातून एकच जाणार." मी त्याच दिवशी मनाशी ठरवलं, हे माझंच जाणार आणि ते आईला मीच सांगणार.

विषय असा होता. कॉम्प्युटरच्या मेमरीतून शून्य आणि एक हे बिट तारेवरून रिसीव्हरकडे येतात. ते इतक्या घाईने येतात की मागच्या बिटाचा विजेचा दाब तारेवरून उतरायच्या आत पुढचा येऊन थडकतो. भाजीच्या पळीने आमटी वाढली की आमटीला भाजीचा वास येतो, तसं. मग रिसीव्हर शून्याला एक समजतो. उपाय पुस्तकात होता: मागचा बिट कोणता होता ते ओळखायचं आणि त्याचं उरलंसुरलं नव्या बिटातून वजा करायचं. अडचण एवढीच, की ओळखणं आणि वजा करणं ही दोन्ही कामं पुढचा बिट यायच्या आत उरकावी लागतात.

मी लातूरची. मला एकच रस्ता माहीत होता, वेग. वजाबाकीचं सर्किट जलद व्हावं म्हणून मी ट्रान्झिस्टर मोठे केले. मोठे केले की त्यांचाच भार वाढायचा आणि सर्किट पुन्हा रेंगाळायचं. मी आणखी मोठे करायचे. स्क्रीनवर चांगला सिग्नल उघड्या डोळ्यासारखा दिसतो. माझा डोळा काही केल्या उघडेना. शेजारच्या टेबलावर ती शेंगा सोलत बसल्यासारखी निवांत बसलेली. तिच्या त्या निवांतपणाने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

परीक्षणाच्या दिवशी तिने आपलं सर्किट फळ्यावर काढलं. त्यात वेग वाढवलेलाच नव्हता. तिने एकाऐवजी दोन निर्णय करणारी सर्किटं ठेवली होती. पहिलं धरून चालायचं की मागचा बिट शून्य होता, दुसरं धरून चालायचं की तो एक होता. दोघं आपापलं उत्तर आधीच काढून ठेवत. मागच्या बिटाचा निकाल आला की त्यातलं एक उचलायचं, दुसरं टाकून द्यायचं. वजाबाकीसाठी थांबायची गरजच उरली नव्हती. तिचा डोळा टक्क उघडा होता. मला त्या फळ्यावर डस्टर फेकून मारावंसं वाटलं.

डिझाइन अर्थातच तिचं गेलं. त्याच शनिवारी आम्ही लातूरच्या एस.टी.त शेजारी शेजारी बसलो. अहमदपूर मागे पडेपर्यंत मी दम धरला, मग विचारलं, "तुला हे सुचलं कसं ग?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "भूकंपानंतर मशीन आमच्या घरावरची माती उपसत व्हतं तवा मी लिंबाखाली बसले व्हते. आई जिती निघाली तर काय करायचं, ते ठरवलं. न्हाई निघाली तर काय, ते बी ठरवलं. दोन्ही तयार ठिवलं. मग मोठी मानसं सांगायला आली, तवा मला थांबावं लागलं न्हाई."

"न्हाई निघाली तर काय करायचं ठरवलं होतंस?"

"मामीचा शब्द कधीच मोडायचा न्हाई. ठिवून घेतील म्हनून."

मामी म्हणजे माझी आई. माझे डोळे भरून आले हे खरं. पण त्याच वेळी मला तिचा हेवा वाटत होता हेही खरं. आई जगेल की जाईल याचीसुद्धा दोन उत्तरं तिला तयार ठेवावी लागली होती आणि मला कधी दुसरं शोधावंच लागलं नव्हतं, तरी मीच जळत होते.

घरी आलो. दार आईने उघडलं. आतेबहिणीला काही बोलू द्यायच्या आत मी पुढे घुसले आणि सांगून टाकलं, "आई, हिचं डिझाइन लागलं!" म्हटलं, बातमी तरी माझ्या तोंडून जाऊ दे.

आईने माझ्याकडे बघितलं. फक्त माझ्याकडे. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाली, "तिचं मरू दे बाई. तुझं तोंड का असं उतरलंय?"

मागे उंबऱ्याबाहेर ती वाकून चपलांचे बंद सोडत होती. एरवी त्याला इतका वेळ लागत नाही.