हौसाबाईचं हिरवं लुगडं

या सदरातले अनुभव मी नेमानं वाचते आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसते. पिंपळाखालची बाई, मागून येणारी पावलं... माझे वडील संगमनेरला शाळामास्तर होते. ते म्हणायचे, भूत भेटलं तर त्याला एकोणतीसचा पाढा म्हणायला लाव, बिनचूक म्हटला तर घरी जेवायला घेऊन ये. अशा घरात मी वाढले. त्यात नर्सिंग शिकलेली, म्हणजे मेलेल्या माणसाची भीती केव्हाच गेलेली. तरी आज मीच असा एक अनुभव लिहायला बसले आहे.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या दिवसांतली. कापडसुद्धा रेशनवर मिळायचं तेव्हा. कोल्हारच्या अलीकडे, मनमाड रस्त्यापासून दोन मैल आत, कॅनॉलच्या कडेला महारोग्यांसाठी एक निवासी रुग्णालय होतं – त्या वेळी महारोगच म्हणत. नाव मुद्दाम देत नाही. मी तिथं मेट्रन म्हणून गेले. सगळे मला नुसतं 'बाई' म्हणायचे. बायकांची चाळ वेगळी होती – कौलारू, बारा खोल्यांची, पुढे लांबलचक ओटा. दारांना कड्या होत्या, पण फक्त बाहेरून. आत एखादी अंघोळीला बसलेली असो नाहीतर रडत बसलेली असो, कोणीही यावं आणि दार ढकलून शिरावं. मला ते बघवेना. पहिल्याच महिन्यात मी सुतार बोलावून प्रत्येक दाराला आतून कडी लावून घेतली आणि नियम केला – दार वाजवायचं, आतून 'या' म्हटल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

मुकादम गेणू म्हणाला, "बाई, ह्यो दवाखाना हाय का सोयऱ्याचं घर?"

मी म्हटलं, सोयऱ्याचंच समज. तो हसला, पण दुसऱ्या दिवसापासून दार वाजवायला लागला.

एक गोष्ट मात्र माझ्याच्यानं बदलली नव्हती, ती म्हणजे कपडे. नवी रुग्ण आली की तिच्या अंगावरचे कपडे उकळून, वाळवून, गाठोडं बांधून कोठीत टाकायचे. गाठीवर लाख आणि नंबराचा बिल्ला. बदल्यात जाडंभरडं पांढरं लुगडं मिळे, त्यावर लाल दोऱ्यानं तोच नंबर. बाई गेली की ते उतरवून घ्यायचं, उकळून पुढच्या बाईला द्यायचं, आणि देह गोणपाटात गुंडाळून न्यायचा. तिचं गाठोडं जाळून टाकायचं. कोठीला एकच किल्ली होती आणि ती माझ्या कमरेला असे.

हौसाबाई घोडेगावकडची, शेतकऱ्याघरची. चाळिशीची असेल. शेवटच्या खोलीत एकटी राहायची. हातांना बोटं उरली नव्हती. घसाही पार बसलेला – या रोगात बसतो – त्यामुळे बोलली की जात्यात खडा आल्यासारखा आवाज. तिला लुगडं नेसवायचं काम भागाबाईकडे. भागाबाई म्हणजे बरी होऊन तिथंच मदतनीस म्हणून राहिलेली. त्या थंडीत हौसाबाईला ताप धरला तो उतरेना. काय ते तिलाही कळलं होतं आणि मलाही.

"बाई," ती एक दिवस म्हणाली, "माझं लुगडं तेवढं काढून द्या. हिरवं हाय, तांबड्या काठाचं. बैलजोडी इकली तवा घरधन्यानं घोडेगावच्या बाजारात घेतलं हुतं. त्ये नेसून जाऊ द्या मला. गोनपाटात नगं."

"एवढ्यात कुठं निघालात, हौसाबाई?" मी आपलं उगाच म्हटलं.

"मला येडी समजू नगा. सोताच्या लुगड्यात गेले तर वर कुनीतरी वळखंल. एकतीस नंबरला कोन वळखनार?"

मी म्हटलं, देते. आणि अर्ज लिहिला. नगरहून दर आठवड्याला डॉक्टरसाहेब येत, त्यांच्या हातात दिला. माणूस वाईट नव्हता. 'कमिटीपुढे ठेवतो,' म्हणाले. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. कोठी तिच्या खोलीपासून पन्नास पावलांवर होती. पण मी पडले मास्तरांची मुलगी, कागद हातात आल्याशिवाय कुलूप कशी उघडणार? हौसाबाई रोज विचारायची, "आला का कागुद?" मी रोज सांगायची, येईल. त्या उत्तराची मला अजून लाज वाटते.

त्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास मी तिच्यासाठी पेज घेऊन गेले. लख्ख ऊन पडलं होतं. बाकीच्या बायका मलमपट्टीसाठी समोरच्या लिंबाखाली बसल्या होत्या. पेजेच्या भांड्याचा धक्का दाराला लागला तरी ते हललं नाही, आतून कडी. हौसाबाई कधीच कडी लावत नसे, बोटांशिवाय लावणार कशी? मी दार वाजवलं.

"थांबा... नेसतीया."

तोच घोगरा आवाज. मला तर बरंच वाटलं. ताप उतरला, भागाबाई आत असेल, तिनंच कडी लावली असेल... मी थांबले. आत तांब्यानं अंगावर पाणी घेतल्याचा आवाज आला, मग कापड झटकल्याचा. पेज निवायला लागली तशी मी पुन्हा दार वाजवलं.

"थांबा वो बाई. निऱ्या घालतीया."

या वेळी आवाज अगदी फळीच्या पलीकडून. इतक्या जवळून, की श्वाससुद्धा ऐकू आला. आणि त्याच क्षणी माझी नजर सहज अंगणात गेली. लिंबाखाली भागाबाई बसली होती, कुणाच्या तरी पायाला पट्टी बांधत.

हौसाबाईला भाकरीचा तुकडा मोडता येत नव्हता. मग आत निऱ्या कोण घालत होतं? तिसऱ्यांदा मी दार वाजवलंच नाही. नक्की सांगते, वाजवलं नाही. तरी आतून उत्तर आलं.

"झालंच."

पण हा आवाज स्वच्छ होता. घोगरेपणाचा मागमूस नव्हता. एखादी तरणी, धडधाकट बाई सणाला निघताना माजघरातून बोलेल तसा. पेजेचं भांडं माझ्या हातातून पडलं आणि मी गेणूच्या नावानं किंचाळले.

गेणूनं पहार घालून कडी उचकटली. आत दुसरं कोणी नव्हतं. खिडकीचे गज जागच्या जागी. फरशी कोरडी ठणठणीत, तांब्या कोनाड्यात पालथा. हौसाबाई खाटेवर सरळ निजलेली. अंगावर हिरवं लुगडं, तांबड्या काठाचं. कासोटा नीट खोचलेला, निऱ्या एकसारख्या, डोक्यावर पदर. पायथ्याशी एकतीस नंबरचं पांढरं लुगडं घडी करून ठेवलेलं.

मी तिच्या हनुवटीला हात लावला. थंडगार. जबडा ताठ, हातपाय ताठ. जाऊन निदान पाच-सहा तास झाले होते. आणि ताठरलेल्या देहाला नऊवारी अशी चोख नेसवता येत नाही, ज्यांच्यावर ती वेळ आली आहे त्यांना विचारा. भागाबाईनं तिला शेवटचं पाहिलं ते आदल्या संध्याकाळी, पांढऱ्या लुगड्यात. तीही दाराशी आली होती. आत न येता मला म्हणाली, "बाई, मगाशी हितं कोन बोललं वो? लई ग्वाड आवाज हुता."

मी आणि गेणू कोठीत गेलो. कुलूप जसंच्या तसं. किल्ली माझ्या कमरेला. गाठोडं फळीवर, बिल्ला एकतीसचा, गाठीवरची लाख अख्खी. मी लाख फोडून गाठ सोडली. आत फक्त चोळी होती. गेणू दोन पावलं मागं सरला.

दुपारी माणसं गोणपाट घेऊन आली. गेणूनं खाली बघत विचारलं, "लुगडं उतरवायचं ना, बाई? नेम हाय." मी हौसाबाईकडे पाहिलं. काठाला हात लावला तर ती परत 'थांबा' म्हणेल, असं मला अगदी खरोखर वाटलं.

"हात लावू नका," मी म्हटलं. "अशीच न्या."

मी पुष्कळ डोकं चालवलं. रात्री झोपेत कोणी किल्ली काढून नेली असेल? मग लाख कशी शाबूत राहिली? माझ्या कानांना भास झाला म्हणावं, तर भागाबाईच्या कानांचं काय? इतकी वर्षं झाली, मला उत्तर सापडलेलं नाही. आता सापडेल असंही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी कोठी उघडली आणि सगळी गाठोडी ओट्यावर आणून जिची तिला देऊन टाकली. कागद नाही, अर्ज नाही. पुढच्या खेपेला डॉक्टरसाहेब आले ते आधी चिडले. मग ओट्यावर रंगीबेरंगी लुगड्यांत बसलेल्या बायका बघून त्यांना तपासायला बसले. तिथून पुढे तो नेम मोडला तो मोडलाच.

मी निवृत्त झाले तेव्हा सत्कार झाला. भाषणात एकजण म्हणाले, बाईंनी नियम बाजूला ठेवला आणि माणुसकी पाहिली. टाळ्या पडल्या. माणुसकी असती तर मी कोठी तीन आठवडे आधी उघडली असती. मी घाबरले होते हो. त्या चाळीत अजून अकरा खोल्या होत्या, आणि रोज सकाळी प्रत्येक दार मलाच वाजवायचं होतं.