पवनेच्या काठी एक मुक्काम

"मला एक रात्र पाण्याकाठी झोपायचंय," आई म्हणाली. मी तिच्यासाठी बिनमिठाची भाजी वेगळी काढत होते. मी वाटीवर झाकण ठेवलं, तशी ती पुन्हा म्हणाली, "खोलीत नाही. पाण्याच्या अगदी कडेला."

आई तेव्हा डायलिसिसवर होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारभर. बाकीचे दिवस ती आमच्या कासारवाडीच्या घरात खिडकीजवळ बसून असायची. पाणी मोजून प्यायचं, तहान फारच लागली तर बर्फाचा खडा चघळायचा. तिचं माहेर भीमेकाठचं. मामांनी तिच्या पाठीला वाळका भोपळा बांधून तिला पोहायला शिकवलं होतं आणि लग्नाआधी ती एका दमात नदी ओलांडायची. हे तिने आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतं की आम्ही ते ऐकणं सोडून दिलं होतं. त्या दिवशी मात्र मी ऐकलं आणि ठरवलं की एक रात्र पवना धरणाच्या काठी तंबूत राहायला जायचंच.

भावाला सांगितलं तर तो जेवता जेवता थांबला. "आईला तंबूत? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

बाबा म्हणाले, "उन्हाळ्यात बघू." आमच्या घरात याचा अर्थ नाही असाच होतो.

मी आधी डॉक्टरांकडे गेले. वाटलं होतं, ते हसतील. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शनिवार-रविवार नको. तेव्हा मधलं अंतर मोठं पडतं. बुधवारचं डायलिसिस झालं की गुरुवारी जा, शुक्रवारी दुपारी इथे हजर. फिस्टुलाचा हात, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचतात तो, धरणाच्या पाण्यात बुडवायचा नाही. आणि दम लागला तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच निघायचं."

गुरुवार तर सोयीचाच होता. भावाच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी. माझं ऑफिस तळवड्याला, मला दोन दिवसांची रजा टाकावी लागणार होती. ते मी दुसऱ्याच दिवशी साहेबांच्या कानावर घातलं आणि मग स्कूटर काढून एकटीच कामशेतवरून पवना धरणाकडे गेले. फोटो बघून जागा ठरवायची नाही, एवढं मला कळत होतं. पहिल्या ठिकाणी तंबू सुंदर होते, पण पाण्यापर्यंत उतरायला दगडी पायऱ्या, आणि स्पीकर एवढे मोठे की त्यांच्या मागे माणूस लपेल. दुसऱ्या ठिकाणच्या पोराने विचारलं, "मॅडम, किती कपल्स?" मी तशीच मागे फिरले.

तिसरी जागा एका शेतकऱ्याची होती. भाताची खाचरं, त्यांच्यापलीकडे गवताची पट्टी, आणि तिथून पाच-सहा पावलांवर पाणी. त्याने चार तंबू लावले होते. मी त्याला आईचं सगळं सांगितलं. तो खाली बसून गवताची काडी तोडत ऐकत राहिला.

"गाडी तंबूपर्यंत येईल का?"

"येती की. पाऊस झाला तर न्हाई येत. पर आता भात काढाय आलाय, आता कुठला पाऊस."

"आणि संडास?"

"हाय. जवळच हाय. पर खाली बसायचा हाय, ताई. म्हातारीला जमंल का?"

आईला ते जमणार नव्हतं. गुडघे कधीचेच गेले होते. घरी येऊन मी ते सांगितलं तेव्हा बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर न हलवता विचारलं, "भांड्याची रुंदी किती?" मी शेतकऱ्याला फोन लावून माप विचारलं. बाबांनी पिंपरीच्या कारखान्यात वेल्डिंग करण्यात सगळी नोकरी काढली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी हत्याराला हात लावला नव्हता. दोन दिवस ते कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात जाऊन बसले आणि लोखंडी चौकट घेऊन आले. वर जुन्या खुर्चीचं प्लास्टिक बसवलेलं, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. "बसून बघ," ते आईला म्हणाले. आई लाजली, पण बसली. उन्हाळ्याचं नाव त्यानंतर निघालं नाही.

राहिला भाऊ. गाडी त्याची आणि चालवणारही तोच. संध्याकाळी मी त्याला स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर गाठलं.

"तुला आठवतं, तिला पहिल्यांदा दम लागला होता?" तो म्हणाला. "मी गाडी चालवत होतो. नाशिक फाट्यावर अडकलो. हॉस्पिटल समोर दिसत होतं, राव, आणि गाडी हलत नव्हती. मागे तिचा श्वास ऐकू येत होता. तो आवाज मला अजून येतो. आणि तू तिला धरणावर घेऊन जा म्हणतेस."

हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, त्याला फक्त कटकट नको आहे.

"तुला भीती वाटते हे बरोबर आहे," मी म्हणाले. "पण त्या भीतीपायी ती किती दिवस खिडकीत बसणार? आपण आधी रस्ता बघून येऊ. तिथून तळेगावच्या हॉस्पिटलला किती वेळात पोचतो ते तूच चालवून बघ. जास्त वेळ लागला तर मी विषय सोडून देईन."

पुढच्या गुरुवारी आम्ही दोघं गेलो. तंबूपासून निघून त्याने गाडी तळेगावच्या हॉस्पिटलच्या दारात नेऊन उभी केली. आत जाऊन डायलिसिसची सोय आहे का, रात्री कोण असतं, हे त्यानेच विचारलं. परतताना म्हणाला, "लोणावळ्याची गर्दी मध्ये येत नाही. जमेल."

तारीख ठरली आणि आदल्या दिवशी आईचा फिस्टुलाचा हात सुजला. जाणं रद्द. मी बांधलेल्या पिशव्या सोडायला घेतल्या, तर आई पलंगावरून म्हणाली, "पिशव्या राहू देत. सूज उतरली की जायचंय." त्या पिशव्या दोन आठवडे आमच्या दारामागे होत्या.

अखेर एका गुरुवारी सकाळी आम्ही निघालो. बाबांची चौकट डिकीत, आईचं बिनमिठाचं जेवण माझ्या मांडीवर. शेतकऱ्याने तंबूत खाली गवत पसरून वर गाद्या घातल्या होत्या. आई गाडीतून उतरली ती तंबूकडे गेलीच नाही. भावाचा हात धरून सरळ पाण्याकडे निघाली. घोट्यापर्यंत गेली, मग गुडघ्यापर्यंत. लुगड्याचा काठ भिजला. फिस्टुलाचा हात तिने छातीशी धरला होता आणि दुसऱ्या हाताने ती पाणी मागेपुढे करत होती. बाबा बूट घालून काठावर उभे. त्यांना पाण्याचं भय आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

रात्री काही झालं नाही. भाऊ मात्र गाडीतच झोपला, किल्ली लावलेली ठेवून.

सकाळी मी उठले तर आई काठावर शेतकऱ्याच्या बायकोशी बोलत बसली होती. मला बघून म्हणाली, "ये, तुला तरंगायला शिकवते."

"आई, मला भीती वाटते."

"मला इथपर्यंत आणलंस आणि आता भीती वाटते?"

शेतकऱ्याने ट्रॅक्टरची ट्यूब आणून दिली. भाऊ कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला, त्याने माझ्या पाठीखाली हात धरले. पाणी गार होतं, माझे दात वाजत होते. आई काठावरून सांगत होती, "मान मागे टाक. पोट वर. पाण्याला धरायला जाऊ नकोस, ते धरता येत नाही. आता ट्यूब सोड."

मी दोनदा बुडाले, नाकात पाणी गेलं. तिसऱ्यांदा कान पाण्याखाली गेले, तिचा आवाज बंद झाला आणि भावाचे हात पाठीखालून निघाले तरी मी वरच राहिले. वर तुंगचा डोंगर होता आणि आभाळ. किती वेळ ते माहीत नाही. मग पाय खाली टेकवून उभी राहिले.

आई बाबांना सांगत होती, "बघितलंत? गुडघा वाकवते अजून. पण येईल तिला."

मग तिने घड्याळ बघितलं आणि आम्हाला सामान भरायला सांगितलं. दुपारी तिला हॉस्पिटलात पोचायचं होतं, आणि उशीर झालेला तिला मुळीच चालला नसता.