सुलक्षानं न केलेला नवस

कसं सांगू, कुठून सुरुवात करू, तेच कळत नाही बघा. माणसाची चूक हातून होते, पायानं होते, कधी डोळ्यांनीही होते. माझी तोंडानं झाली. आणि तोंड तर माझं असं की एकदा उघडलं की पडदा पडेपर्यंत मिटत नाही!

मी गोव्यातल्या डिचोलीजवळच्या सर्वण गावचा. वीज खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालो. पण गावात मला कारकून म्हणून कोण ओळखतो? गेली तीस वर्षं जत्रेच्या नाटकात मी मरतो. हो, मरतो! बापाची भूमिका, तिसऱ्या अंकात छातीवर हात, 'पोरी, सांभाळ गं...' आणि धाडकन खाली. बायका पदर डोळ्यांना लावतात. तुम्ही हसा, पण पुढच्या सगळ्या घोळाचं मूळ तिथं आहे.

माझी एकुलती एक लेक सुलक्षा. शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे घरातही आमच्याशी पुस्तकातलंच बोलते. बावीस वर्षांची असताना पोर वाळत चालली. पोट फुगायचं, रक्त कमी, केस गळायला लागले. दृष्ट काढली, जंताची औषधं दिली, काढे पाजले. शेवटी पणजीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोटात नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, सिलिअ‍ॅक. गहू चालणार नाही. पोळी नाही, पाव नाही, रवा नाही, मैदा नाही. आठ दिवस नाही, चार महिने नाही, जन्मभर!

मी म्हटलं, एवढंच ना? आपण गोंयकार, भात खाणारी माणसं!

एवढंच नव्हतं हो. सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला की आम्ही सगळे पाव घ्यायला दारात, आणि ही आत खोलीत. बिस्किटात गहू, केकात गहू, डब्यातल्या हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ! पोळीच्या तव्यावर तिची भाकरी भाजली तरी दुसऱ्या दिवशी पोट धरून बसायची. आणि येणारा प्रत्येक पाहुणा म्हणायचा, 'एक पोळी खाल्ल्यान काय जाता?' पोर कधी कुणाला उलटून बोलली नाही. हसून ताट बाजूला सारायची.

पथ्यानं अंग धरलं, चेहऱ्यावर तेज आलं, आणि पेडण्याकडच्या हळर्णचं स्थळ आलं. मुलगा दत्तप्रसाद, जहाजावर नोकरीला. घरात फक्त आई, सत्यवतीबाय. सुलक्षानं मुलाला पहिल्याच भेटीत सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, माझी हरकत नाही, फक्त आईच्या कानावर असू दे.

"मी सांगतो की!" मी म्हणालो. "मोठ्यांचं मोठ्यांनी बोलावं."

निघताना बायकोनं बजावलं, "सरळ सांगा हां. नाटक करू नकात."

मी सरळ सांगायलाच गेलो होतो. देवाशप्पथ! म्हणजे, आता देवाची शपथ मी घेऊ नये, पण खरंच.

सत्यवतीबायनी चहा दिला, खोबऱ्याच्या वड्या दिल्या आणि हळूच विचारलं, "चेडवाक काय दुखणा-बिखणा नाय मां, भाऊ?"

झालं! दुखणं हा शब्द ऐकला आणि मी अख्खी वडी तोंडात कोंबली. आमच्याकडे लग्नाच्या बोलण्यात दुखणं म्हणजे काय, तुम्हाला ठाऊक आहे. आज इथं बोललो तर उद्या आमच्याकडच्या मये गावापर्यंत बातमी, आणि बातमी जाताजाता वाढत जाणार. पोरीचं कसं होणार?

"नाही नाही, दुखणं कसलं? फक्त ती गहू खात नाही."

"कित्याक ओ?"

इथं मी थांबायला हवं होतं. 'डॉक्टरांनी सांगितलंय', दोन शब्द! पण समोर एक बाई कान टवकारून बसलेली, आणि मी तीस वर्षांचा नट. माझा हात आपोआप छातीवर गेला.

"काय सांगू तुम्हाला, बाय? दोन वर्षांमागं माझं हृदय बंद पडत आलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा ही पोर देवीपुढं उभी राहिली. म्हणाली, आई, माझ्या बाबांना उठव, मी गव्हाला शिवणार नाही! आणि... मी उठलो."

माझ्या हृदयाला काय धाड भरली होती? तेव्हाही मी रोज सायकल मारत होतो!

पण सत्यवतीबायच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "बापायसाठी गहू सोडल्यान? असली लेक माझ्या घरात येतली?"

मी शेवटचा खिळा ठोकला. "फक्त पोरीपाशी नवसाचं नाव काढू नका. बोललं की फळ जातं." आणि घरी येऊन पोरीला सांगितलं, "सासूबाईंना सगळं सांगितलंय. पण त्यांना आजाराचा विषय काढलेला आवडत नाही. तू काढू नकोस." बघा, दोन्ही दारांना कुलूप!

लग्न झालं, जावई जहाजावर गेला, आणि काय आश्चर्य! सुलक्षाचा फोन आला तो कौतुकाचाच. "बाबा, सासूबाई किती समजूतदार आहेत! माझा तवा वेगळा, तेल वेगळं, पिठाचा हात धुतल्याशिवाय माझ्या ताटाला शिवत नाहीत. आपल्याकडे आईला जमलं नव्हतं!"

जमेल कसं? डॉक्टरांचं ऐकून आम्ही पथ्य पाळत होतो, आणि ती माउली देवीला भिऊन सोवळं पाळत होती. सोवळ्यापुढं डॉक्टर कुठं लागतो? पोरीची प्रकृती माहेरच्यापेक्षा सासरी सुधारली. मी मिशीवर ताव मारला. म्हटलं, खोटं असलं तरी कसं कामाला आलं!

शिक्षा फक्त मला होत होती. हळर्णला गेलो की, "भाऊ, उभे रवा नकात, बसा." पाठीला उशी. सगळ्यांच्या ताटात बांगड्याची कढी, आणि माझ्यापुढं बिनमिठाची पेज! का, तर हृदय. बायको पदराआड हसायची. घरातून माशांचा वास येतोय आणि मी पेजेत चमचा फिरवतोय. वर्षभर! दोघी मायलेकींना वाटायचं, वयस्कर माणूस म्हणून बाय काळजी घेतात. मीही तसंच वाटू दिलं.

मग एके दिवशी सत्यवतीबायचा फोन आला. "रविवारी सकाळी देवळात या. एक कार्य आसा. सुनेक सांगा नकात, तिका कळूक नाय."

गेलो. बायकोला घेऊन, इस्त्रीचा सदरा घालून गेलो! देवळात शेजारपाजारच्या पंधरा-वीस बायका, गुरव, आणि मधे नवी साडी नेसून गोंधळलेली सुलक्षा. सत्यवतीबाय उभ्या राहिल्या.

"माझ्या सुनेन बापायच्या जिवासाठी गहू सोडल्यान. आता बापूस ठणठणीत आसा. चेडवान किती दिस सोसूचा? मी देवीक कौल लावलंय, आणि उजवो पडलो! आज आमी तिचो नवस फेडतोव."

जो नवस कधी झालाच नव्हता, त्यालाही देवीनं आनंदानं मोकळीक दिली होती!

सुलक्षानं माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. आधी काही कळलं नाही तिला, मग कळलं, मग ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि लगेच गेलं. गुरवानं द्रोण पुढं केला. रव्याचा शिरा. तूप सुटलेला, केळं घातलेला. सगळ्या बायका माना उंच करून बघतायत. नवस फेडायचा तर पहिला घास तिनं घ्यायचा.

आता माझी पाळी होती. एक वाक्य! 'थांबा, मी खोटं बोललो.' तीस वर्षांत मी स्टेजवर एक शब्द विसरलो नाही हो. कुणी दुसरा विसरला तर त्याचाही मी बोललोय. त्या दिवशी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं.

पोरीनं पुन्हा एकदा माझ्याकडं पाहिलं. भर देवळात, तिच्या सासूसमोर, बाप खोटारडा ठरणार हे तिला दिसत होतं. तिनं डोळे मिटले आणि घास तोंडात घातला. सासूनं प्रेमानं दुसराही भरवला. बायकोनं माझा दंड असा धरला की चार दिवस वळ होता.

हळर्णच्या घरी पोचून तासभर झाला नसेल, सुलक्षा न्हाणीघरात. उलटी, पुन्हा उलटी. मग पोट धरून खाटेवर गुडघे दुमडून पडली. ओठ पांढरे फटक. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, विश्रांती घ्या म्हणाले. आणि सत्यवतीबाय? त्या देवघरात जाऊन गालांवर थपडा मारून घेत होत्या.

"माझाच चुकला! देवी कोपली! नवस मोडूक नको होतो. माझ्या पापान चेडू आजारी पडला!"

एका खोलीत माझी लेक कळवळतेय, दुसरीत ती निष्पाप बाई स्वतःला मारून घेतेय. आणि मी मधल्या ओसरीवर, इस्त्रीच्या सदऱ्यात! इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. गेलो आणि त्यांचे हात धरले.

"बाय, देवीचं काही नाही. पोरीला आजार आहे. लग्नाआधीपासून. गहू तिच्या आतड्याला बाधतो. नवस मी बनवला."

त्यांनी हात सोडवून घेतले. "म्हणजे तिना नवस केल्यानच नाय?"

"नाही."

"आणि तुमचा हृदय?"

"ठणठणीत."

"आणि मी वरीसभर तुमका बिनमिठाची पेज वाढतंय?"

मी मान खाली घातली.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण हळूच म्हणाल्या, "दुखणा म्हणान सांगलात असतात तर मी चेडवाक नको म्हटला असता? माझ्या भैणीक साखर आसा, तिका आमी काय घराबाहेर काढला? डॉक्टर सांगता तसा रांधून घातला असता. देवीक मधी कित्याक हाडलात, भाऊ?"

मीच त्यांना दुष्ट सासू ठरवून बसलो होतो. तेही त्यांच्या हातची खोबऱ्याची वडी खाताखाता!

मग त्या सुनेपाशी जाऊन बसल्या, तिच्या पोटावरून हात फिरवत. संध्याकाळी ती जरा सावरली, पेजेचे दोन घोट प्यायली. निघताना सत्यवतीबायनी मला दारात अडवलं.

"देवीच्या नावान बोललात मां? ता बोलणा फुकट जावचा नाय. चेडू गहू खायना ता दुखण्यापायी. नवस तुमी बोललात, तुमीच पाळा. एक वरीस गव्हाक शिवा नकात."

मी दोन्ही हात जोडून कबूल केलं. खरं सांगतो, बरं वाटलं. म्हटलं, पोरीनं जे सोसलं त्यातलं थोडं तरी आपल्या वाट्याला येऊ दे.

पहिले दोन दिवस जोशात गेले. तिसऱ्या दिवसापासून कळायला लागलं. चहाबरोबर काय खायचं? शेजारी पूजा झाली, शिऱ्याचा द्रोण आला, परत कसा पाठवायचा? बारशाला गेलो, लोक पुरी वाढतायत, मी नको म्हणतोय, आणि एकजण म्हणतो, 'एक पुरी खाल्ल्यान काय जाता, भाऊ?' मी त्याच्या अंगावर धावून जायचाच बाकी होतो. पोर हसून ताट बाजूला कशी सारत असेल हो?

नवव्या दिवशी डिचोलीच्या बाजारात गेलो. नेहमीच्या हॉटेलात बसलो, वेटरनं न विचारताच पातळभाजी आणि पाव आणून ठेवले. एक संपवला. दुसरा संपवला. तिसरा भाजीत अर्धा बुडवला तेव्हा आठवलं! आता तुम्ही विचाराल, मग ठेवलात की नाही खाली? अर्धा भिजलेला पाव खाली कसा ठेवणार? खाल्ला.

आणि मला काहीही झालं नाही. पोट दुखलं नाही, साधी ढेकरही आली नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं. हॉटेलच्या बाहेर उभा राहून लेकीला फोन लावला. आता खोटं बोलायचं नाही, एवढं तरी ठरवलं होतं.

"सुलक्षा, नवस मोडला गं माझ्याकडून. नऊच दिवस टिकला. तीन पाव खाल्ले."

पलीकडून नाक ओढल्यासारखा आवाज आला. म्हटलं, रडते की काय. तर ती हसत होती.

"बाबा, असू दे. तुमच्या जिवासाठी मी खरोखरच नवस केला असता ना, तर मीही तो चौथ्या दिवशीच मोडला असता."