एकाच शब्दावर आलेला माणूस

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या धिप्पाड माणसाला अर्धांगाचा झटका आला, आणि जन्मभर चुरूचुरू चाललेल्या त्याच्या जिभेवर एकच शब्द उरला. सांक्टुस. शब्द लॅटिन, अर्थ पवित्र. रविवारी चर्चच्या गायकवृंदात तो घसा फोडून हा शब्द गायचा, आणि एरवी हौशी नाटकांच्या कोरसमध्ये असायचा. भक्तीशी त्याचं फारसं देणंघेणं नव्हतं, वेड होतं ते गाण्याचं, आणि शिव्या तर अशा द्यायचा की ऐकत राहावं. आता पाणी हवं तरी सांक्टुस, चहा गार झाला तरी सांक्टुस, आणि तेही सुरात!

"केवढं पुण्य!" शेजारीण हात जोडायची. "मुखात दुसरा शब्दच नाही."

"त्यांना संडासला जायचंय," बायको फणकारायची. "तुम्ही जरा बाहेर व्हा."

बायको कपडे दुरुस्तीच्या दुकानात पँट्स आखूड करायची. गेल्या आठवड्यात त्याला उचलताना दोघंही पलंगावरून खाली कोसळली आणि लेक येईपर्यंत तशीच पडून राहिली. तेव्हापासून तिच्या कमरेला पट्टा होता. लेकीने धावपळ करून शुश्रूषागृहात एक खाट मिळवली होती. होकार उद्यापर्यंत द्यायचा होता.

"आई, तूच ठरव ना."

"मी कोण ठरवणार? त्यांना विचारू."

"त्यांना काय विचारणार, कप्पाळ?"

मग बायकोने गायकवृंदाच्या मास्तरांना बोलावलं. त्यांच्या म्हणे लक्षात आलं होतं, की हो म्हणायचं असलं की त्याचा सूर वर चढतो आणि नाही म्हणताना खाली बसतो. तिला सगळे सूर सारखेच वाटायचे. तेवढ्या एका गोष्टीसाठी तिला स्वतःच्या कानांचा भयंकर राग आला.

"अहो," ती पलंगावर बसून म्हणाली, "तिकडे ठेवायचं म्हणतात तुम्हाला. तुम्ही फक्त नाही म्हणा. पुढचं मी बघते."

त्याने तिच्या कमरेच्या पट्ट्याकडे पाहिलं. मग गायला.

ती मास्तरांकडे वळली.

"काय म्हणाले?"

"हो म्हणाले, वहिनी."

"नीट ऐका! कसे म्हणतील हो?" तिने नवऱ्याची कॉलर धरली. "खोटं बोलू नका. तुम्हाला इथंच राहायचंय, मला माहीत आहे!"

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं, छातीत श्वास भरला आणि नाटकगृहाच्या शेवटच्या रांगेला ऐकू जावं तसा तो शब्द लावला. वर, आणखी वर. मास्तरांना काही विचारावं लागलं नाही.

"कळव त्यांना," ती लेकीला म्हणाली.

मग त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत ती ओक्साबोक्शी रडू लागली. जन्मात कधी त्याला अरे-तुरे न केलेली बाई म्हणत होती, "मेल्या, नाही म्हणायचं होतंस रे. एकदा तरी नाही म्हणायचं होतंस."