गोवळकोंड्याच्या टाळ्या

गोवळकोंड्याचा किल्ला मी एकाच दुपारी दीड वेळा चढलो आणि वरून हैदराबाद कसं दिसतं, हे मला अजूनही माहीत नाही.

आमच्या घरच्या सगळ्या सहली आजवर माझ्या मेहुण्याने, विलासने, काढल्या. तो गळ्यात शिट्टी अडकवतो आणि दर थांब्यावर माणसं मोजतो. (मला हमखास दोनदा.) यंदा मात्र मी श्रीवर्धनला भर ओटीवर जाहीर केलं, की बायकोला आणि आत्याला हैदराबाद दाखवून मी एकटा सुखरूप परत आणणार.

"आणा की," विलास म्हणाला, "फक्त कुणी हरवू नका म्हणजे झालं, भावोजी." बोलताना तो माझ्याकडेच बघत होता.

पहिला दिवस झकास गेला. चारमिनार पाहिला, आत्याने बांगड्यांच्या बाजारात घासाघीस केली (तिला हिंदी येत नाही, दुकानदाराला मराठी येत नव्हती, तरी भाव उतरला), आणि संध्याकाळी माणसं मोजली तर तीनच्या तीन भरली. मी विलासला फोटो पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी गोवळकोंडा. दारातल्या घुमटाखाली एक गाइड टाळी वाजवून दाखवत होता. इथली टाळी म्हणे पार वर, माथ्यावरच्या बालाहिसार बुरुजाला ऐकू जाते. शत्रू आला की पहारेकरी असाच इशारा द्यायचे. इथे माझी बुद्धी चालली, आणि ती चालली की घरात कुणाला तरी भोगावं लागतं.

आत्याचे गुडघे दुखतात, त्यामुळे ती खालीच बसणार होती. फोन ती वापरत नाही.

"माझा ठेवते त्यांच्याजवळ," माझी बायको सुनंदा म्हणाली.

"कशाला? आत्या, काही लागलं तर घुमटाखाली जाऊन तीन टाळ्या वाजव. मी धावत येतो."

"आणि न्हाय लागलं तर?"

"तर वाजवू नकोस."

"अहो, फोन..."

"अगं, शेकडो वर्षं चाललेली यंत्रणा आहे ही. हिला रिचार्ज लागत नाही."

निम्मा चढ संपतो न संपतो तोच खालून तीन टाळ्या! सुनंदाला पुढे जायला सांगून मी पायऱ्या उतरत सुटलो. आत्या भिंतीला टेकून शेंगा सोलत होती.

"काय झालं, आत्या?"

"मला काय व्हायचाय? तूच घामाघूम झालायस."

"टाळ्या वाजवल्यास ना?"

"माझे हात न्हाय मोकळे."

घुमटाखाली एक अख्खी शाळा रांगेत उभी होती आणि प्रत्येक पोर हौसेने टाळ्या पिटत होतं. या किल्ल्यात येणारा प्रत्येक माणूस इथे टाळ्या वाजवणारच, हे आधीच माझ्या लक्षात कसं आलं नाही, असं विचारू नका. सुनंदाने विचारून झालंय.

पुन्हा चढलो. वर पोचलो तर खालून टाळ्यांवर टाळ्या. त्यातल्या कुठल्या तीन आत्याच्या?

"बसा गप्प. लोकांच्या आहेत त्या," सुनंदा म्हणाली.

पण मला चैन पडेना. खरंच आत्याच्या असल्या तर? 'म्हातारी टाळ्या वाजवत राहिली आणि हे वर फोटो काढत होते,' हे विलासने माझ्या नातवंडांच्या बारशापर्यंत पुरवलं असतं. शहराकडे पाठ केली आणि उतरलो.

आत्या जागेवर नव्हती. शेंगांची टरफलं तेवढी होती.

थट्टा बाजूला ठेवून सांगतो, आई गेल्यावर मला वाढवलं ते याच बाईने. मी घुमटाखाली धावलो आणि सुनंदाला बोलावायला दणादण टाळ्या वाजवल्या. (तिच्याकडे फोन आहे, हे त्या क्षणी सुचलं नाही.) आजूबाजूची माणसं मला गाइड समजून गोळा झाली. "और एक बार, भैया," एक बाई मोबाइल रोखून म्हणाली. मी वाजवल्या. सुनंदाने वर त्या ओळखल्या ("इतक्या घाबरट टाळ्या तुमच्याच"), आणि ती निघाली. पण गोवळकोंड्याला चढायची वाट वेगळी आणि उतरायची वेगळी. मी एका वाटेला डोळे लावून उभा, ती दुसरीने खाली.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "कूऽऽऽ!"

आमच्याकडे सुपारीच्या वाडीत या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला असा कुकारा घालतो, आणि ऐकणाऱ्याने कुकाऱ्यानेच ओ द्यायची असते. नाही दिली, तर हा झाडावरून पडला असं समजून माणसं धावतात. हा कुकारा आत्याचा होता! मी जीव खाऊन "कूऽऽ" केलं. पण ओ माझी एकट्याची नव्हती. बुरुजावरून आली, मशिदीपासून आली, तिकिटाच्या रांगेतून आली. दारावरचा पहारेकरी काठी घेऊन उठला.

आवाजाच्या मागाने बाहेर गेलो, तर आमच्याच जिल्ह्यातल्या माणगावकरांची सहलीची बस उभी. किल्ल्यात पांगलेले त्यांचे लोकही ओ देत देत परतत होते. आत्या पहिल्या सीटवर, हातात तांदळाची भाकरी. शेजारी सुनंदा, ती कुकारा ऐकून माझ्याआधीच पोचली होती.

"आत्या, जागा का सोडलीस?"

"ह्या बायका आपल्या बोलीत भांडत व्हत्या. म्हटलं, आपली माणसं हायत. बसले येऊन."

"मग टाळी तरी वाजवायचीस."

"तुझ्या टाळीला ओ कोण देतो?" आत्या म्हणाली. "आनी ऐक, ह्यांच्या गाडीत दोनच जागा हायत. आमी दोघी जातो लॉजवर. तू ये सावकाश, किल्ला बघून."

बस धुरळा उडवत गेली. आणि नेमका विलासचा फोन आला.

"काय भावोजी, सगळे एकत्र आहेत ना?"

"एकदम एकत्र," मी म्हटलं. त्यात काडीचंही खोटं नव्हतं. सगळे एकत्रच होते. मी तेवढा किल्ल्याच्या दारात रिक्षा शोधत होतो.